कॉलटनांचा ओ

मी माहेरची क्रीडन, तिकडे खाली आयर्लंडच्या दक्षिणेची, कॉर्ककडची. आमच्या नावाला पुढे-मागे काही चिकटलेलं नव्हतं, त्यामुळे नावावरून माणसं भांडतात हे मला लग्न होऊन मेयोत येईपर्यंत ठाऊकच नव्हतं. सासरच्या किलफारना गावातल्या पहिल्याच रविवारी ठाऊक झालं. मिस्सा संपवून आम्ही चर्चच्या पायऱ्या उतरत होतो. समोर एक उंच, काठीसारखा ताठ माणूस टोपी हातात धरून उभा होता. माझ्या सासऱ्यांकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडे बघून गोड हसला.

"तू ऑस्टिनची बायको ना? ये हो, ये. घरात जेवायला नीट घालतात ना? की नुसतं सूपच?"

सासरे आभाळाकडे बघत म्हणाले, "चल नोनी. इथे पेट्रोलचा वास मारतोय."

गाडीत बसल्यावर नवऱ्याने सगळं सांगितलं. तो माणूस म्हणजे जार्लथ ओ'कॉलटन, गावातल्या पेट्रोल पंपाचा आणि दुकानाचा मालक. आम्ही नुसते कॉलटन. रक्त एकच. माझे सासरे फेस्टस आणि हा जार्लथ, दोघांचे पणजोबा सख्खे भाऊ. बटाटे कुजले आणि अख्खा देश उपाशी मेला, त्या काळातले. त्या वेळी म्हणे जो आपला धर्म सोडेल आणि नावापुढचा आयरिश ओ काढून टाकेल त्याला प्रोटेस्टंट मिशनवाले सूप द्यायचे. जार्लथच्या सांगण्याप्रमाणे एक भाऊ ताठ राहिला आणि दुसरा वाडगं घेऊन धावला. "सूपवाल्याने हाक मारली आणि फेस्टसच्या पणज्याने ओ दिला," असं तो चारचौघांत सांगायचा, आणि माणसं दर वेळी नव्याने हसायची.

सासऱ्यांकडे याचं उत्तर होतं. "आमच्या नावाला ओ कधी नव्हताच. त्याच्या नावालाही नव्हता. देश स्वतंत्र झाला तेव्हा ओ लावायची टूम निघाली, आणि यांचा ओ आला रंगाच्या डब्यातून."

हे मी आल्यापासून वीस वर्षं ऐकत होते. माझ्या आधी किती वर्षं चाललं होतं देव जाणे. सासरे गावातल्या पंपावर पेट्रोल भरत नसत. त्यासाठी ते डोंगर ओलांडून पलीकडच्या गावी जात, आणि जाण्यायेण्यातच निम्मं संपवून येत. एकदा तर गाडी नेमकी जार्लथच्या पंपासमोर बंद पडली. पेट्रोलचा थेंब नाही. सासरे खाली उतरले, ऑस्टिनलाही उतरवलं, आणि दोघांनी गाडी ढकलत पंपावरून पुढे नेली. जार्लथ फडक्याने हात पुसत दारात उभा होता.

"फेस्टस!" तो ओरडला. "हवा फुकट आहे बरं का! भरून जा!"

सासरे त्या दिवशी जेवले नाहीत.

तर ही अशी परिस्थिती असताना अमेरिकेतून लोरेन कोल्टन आली. पोप येऊन गेल्याला दहा-बारा वर्षं झाली असतील तेव्हा. मॉन्टानातलं ब्यूट नावाचं तांब्याच्या खाणींचं गाव आहे, तिथली ही. पन्नाशीची, मोठ्या आवाजाची, आणि दिसेल त्याला मिठी मारणारी. तिचा कोणी पूर्वज किलफारनाहून गेलेला, आणि वाटेत कुठेतरी कॉलटनचा कोल्टन झालेला. तिने आमच्या फादर हेनेगनना गाठलं आणि सांगितलं की ऑगस्टच्या सुट्टीत सगळ्या कॉलटनांचा मेळावा भरवायचा. शनिवार, रविवार, सोमवार. अमेरिकेहून एक बसभर माणसं येणार. आणि शेवटच्या दिवशी घराण्याचा सरदार निवडायचा.

"सरदार म्हणजे काय करायचं?" फादरनी विचारलं.

"काही नाही. झगा घालायचा."

झगा तिने आणलाच होता. हिरवागार, सोनेरी गोंड्यांचा.

हे ऐकलं आणि दोन्ही म्हातारे पेटले. सासरे तेव्हा चौऱ्याहत्तरचे, मेंढ्या ऑस्टिनवर सोपवून दिवसभर मोकळे. जार्लथही त्याच वयाचा. फादरच्या बैठकीच्या खोलीत मेळाव्याची समिती बसली तेव्हा दोघे खोलीच्या दोन टोकांना बसले आणि एकमेकांशी बोलायचं ते फादरमार्फत बोलले.

"फादर, त्यांना सांगा, मेळावा ओ'कॉलटनांचा आहे. फलकावर तसंच लिहायला हवं."

"फादर, त्यांना सांगा, फलक लांबीला किती हवा ते आधी ठरवा. काही लोकांना रिकामी जागा दिसली की राहवत नाही."

फादरनी हात वर केले आणि चिटणीसपद माझ्या गळ्यात घातलं. कारण मी कॉर्कची. माझ्या अंगात या नावाचं रक्त नाही, म्हणून मी निःपक्षपाती. निःपक्षपाती माणसाला शिव्या दोन्हीकडून मिळतात एवढा एकच फायदा असतो. फलकाचा तोडगा मी काढला. मोठ्या कापडावर 'कॉलटन' लिहायचं, आणि ओ वेगळ्या तुकड्यावर रंगवून सेफ्टी पिनांनी अडकवायचा. सकाळी लावायचा, दुपारी काढायचा. हे दोघांनाही पटलं नाही, म्हणजे तोडगा बरोबर असणार असं फादर म्हणाले.

सासऱ्यांना एक मोठी बहीण होती. अट्रॅक्टाआत्या. लग्न केलं नाही, आमच्याच घरात मागच्या खोलीत राहायची. ब्याऐंशीची, पण कान तीस वर्षांच्या माणसासारखे. दोन्ही भावकींच्या भांडणात तिने कधी तोंड घातलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "चहा थंड होतोय तुमचा."

मेळाव्याला वजन यावं म्हणून लोरेनने विद्यापीठातून आडनावांच्या अभ्यासक बोलावल्या. डॉक्टर ओर्ला मकनॅमी. जुन्या आयरिश नावांवर त्यांचा हात धरणारं कोणी नाही म्हणे. दोन्ही म्हाताऱ्यांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. सासऱ्यांच्या मते कॉलटन म्हणजे 'दगडी किल्ल्याचा रक्षक'. जार्लथच्या मते 'रणातला वाघ', जरी आयर्लंडात वाघ कधीच नव्हते. दोघांच्या भिंतीवर घराण्याचं बोधचिन्ह होतं. आमच्याकडे सिंहाचं, त्यांच्याकडे तलवार धरलेल्या रानडुकराचं. दोन्ही गॉलवेच्या एकाच दुकानातली. आमच्याकडच्याची धूळ मी पुसते, त्यामुळे मला माहीत आहे की मागच्या चिठ्ठीवर भलतंच नाव आहे.

शनिवारी पॅरिश हॉल खच्चून भरला. अमेरिकन मंडळी हिरव्या जर्सीत, आपली मंडळी रविवारच्या कपड्यांत. पहिल्या रांगेत डावीकडे सासरे, उजवीकडे जार्लथ, मध्ये भिंत म्हणून फादर. गावातले बाकीचे, म्हणजे ज्यांचं हे नाव नाही असे मोरन आणि रुआन वगैरे, मागे उभे. त्यांना सँडविच फुकट होती.

डॉक्टर मकनॅमी लहानखुऱ्या, चष्मेवाल्या बाई. आवाज मऊ. त्या म्हणाल्या, "नाव फार सुंदर आहे. मूळ रूप ओ कोडलाटॉन. ओ म्हणजे नातू, वंशज. आता कोडलाटॉन कोण? हे माणसाचं खरं नाव नव्हे, टोपणनाव आहे. त्याचा अर्थ," त्यांनी चष्मा सारखा केला, "झोपाळू."

पहिल्या रांगेतल्या दोघांनी एकदमच माना वर केल्या.

"म्हणजे हिवाळाभर झोपणारे प्राणी असतात ना, बेडूक, वटवाघूळ, त्यांनाही हाच शब्द लावतात. तर नावाचा अर्थ होतो, झोपाळूचे नातू."

मागून एक मोरन फस्सकन हसला आणि त्याचं सँडविच पुढच्याच्या मानेवर उडालं.

जार्लथ उभा राहिला. "बाई, काहीतरी चूक होतेय. रणातला वाघ..."

"वाघाचा शब्द वेगळा आहे हो," डॉक्टर म्हणाल्या.

"रखवालदार असेल," सासरेही उठले. "रात्रभर जागून पहारा द्यायचा, म्हणून दिवसा झोपायचा. असं असेल की नाही?"

"असेलही. का पडलं ते कुणालाच माहीत नाही. फक्त एक सांगते, अशी नावं घरचे ठेवत नाहीत. शेजारी ठेवतात."

एवढं बोलून त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि शांतपणे पुढच्या मुद्द्याकडे वळल्या. पण पुढचा मुद्दा कुणी ऐकला नाही. अमेरिकन मंडळी आनंदाने एकमेकांना टाळ्या देत होती. लोरेनचा नवरा तर उभा राहून ओरडला, "लोरेन! तुझ्या भावाचं कोडं सुटलं!" पण पहिल्या रांगेत जे चाललं होतं ते मी कान देऊन ऐकत होते, कारण आयुष्यात पहिल्यांदाच दोघे फादरना वगळून थेट बोलत होते.

"ऐकलंस?" सासरे म्हणाले. "ओ म्हणजे वंशज. तुम्ही वंशज. आम्ही ओ टाकलेला आहे. आमचा त्या झोपाळूशी काही संबंध नाही."

"वा!" जार्लथ म्हणाला. "ओ टाकलास म्हणून झोप गेली होय? उलट! मी झोपाळूचा नातू. नुसता नातू! तुझ्या नावात ओ नाही, म्हणजे झोपाळू तूच!"

मला सासऱ्यांची दया आली. एवढ्या वर्षांत जार्लथने केलेल्या सगळ्या वारांत हाच बिनतोड होता, आणि तो त्याला आयता, उभ्या उभ्या सुचला होता.

"पण आम्ही मुद्दाम दुकानावर रंगवून तर घेतलं नाही ना," सासरे शेवटी म्हणाले. फादरनी दोघांच्या गुडघ्यांवर हात ठेवून त्यांना खाली बसवलं.

ही बातमी संध्याकाळपर्यंत परगण्यात पसरली. किलफारनात टेलिफोन आहेत, पण ते वापरायची गरज पडत नाही. रविवारी सकाळी मिस्साला गेलो तर रुआनांची पोक्त बाई आमच्या बाकाशी थांबून कुजबुजली, "उशी आणू का?" पंपावर कोणीतरी खडूने लिहून गेलं होतं, 'हळू बोला, मालक झोपलेत.' जार्लथ स्वतः ओल्या फडक्याने ते पुसत होता. आम्ही गाडीतून पुढे गेलो तेव्हा सासऱ्यांनी बघितलं, आणि हसायला पाहिजे तसे ते हसले नाहीत.

खरा तमाशा दुपारी झाला. मेळाव्याच्या निमित्ताने आमच्या पॅरिशचा आणि शेजारच्या आर्डनागचा आयरिश फुटबॉलचा सामना ठेवला होता. आमचा गोलरक्षक म्हणजे जार्लथचा मुलगा एंडा. आर्डनागवाले उशा घेऊन आले. एकाने रात्रीची गोंड्याची टोपी घातली होती. एक जाडजूड माणूस, बहुतेक त्यांच्या क्लबचा खजिनदार, भलंमोठं गजराचं घड्याळ गळ्यात बांधून आला होता. ही सगळी पलटण एंडाच्या गोलमागे उभी राहिली, आणि त्याने चेंडूला लाथ मारायला पाय उचलला की एकसुरात घोरायला लागली. त्यात ताल होता. सराव करून आले असणार. तिसऱ्या वेळी एंडालाच हसू फुटलं, त्याची लाथ हुकली, आणि चेंडू सरपटत आर्डनागच्या पोराच्या पायाशी गेला. गोल. गजर वाजला.

मी आणि आत्या इकडच्या बांधावर बसलो होतो. माझ्या शेजारची सासऱ्यांची जागा रिकामी झालेली मला एकदम दिसली. ते मैदानाच्या कडेने गोलकडे निघाले होते, हातात छत्री. पलीकडच्या कडेने जार्लथ निघालेला. त्याच्या हातात काही नव्हतं, पण चाल तीच.

"आत्या, बघा," मी म्हटलं.

"बघतेय," आत्या म्हणाली. "मध्ये पडू नकोस."

दोघे गोलच्या मागे समोरासमोर आले. मला वाटलं आता इथेच एकमेकांची गचांडी धरणार. नंतर एंडाने सांगितलं, कारण तो जवळच होता. सासरे म्हणाले, "उशी तुझी. घड्याळ माझं." जार्लथने मान हलवली. आणि दोघे आर्डनागच्या घोळक्यात घुसले.

हाणामारी म्हणावी असं काही झालं नाही. दोघांची वयं मिळून दीडशेच्या घरात. जार्लथने एक उशी दोन्ही हातांनी धरली आणि तिचा मालक सोडेना. सासऱ्यांनी छत्रीची मूठ घड्याळाच्या दोरीत अडकवली आणि मासा ओढावा तसा खजिनदाराला ओढायला लागले. गजर पुन्हा सुरू झाला, आता बंद होईना. तेवढ्यात उशी फाटली. समुद्राकडून वारा होता. पिसं अशी उसळली की निम्मं मैदान दिसेनासं झालं. एक खेळाडू शिंकत खाली बसला. पंचाने शिट्टी फुंकून सामना थांबवला आणि धावत आला.

"कोण आहात तुम्ही दोघे? नाव काय?"

सासऱ्यांना धाप लागली होती. जार्लथ टोपीवरची पिसं झटकत म्हणाला, "कॉलटन. दोघेही."

पंचाने दोघांना मैदानाबाहेर काढलं. सामना संपेपर्यंत परत दिसलात तर निकाल आर्डनागच्या बाजूने देईन म्हणाला. म्हणून मी त्यांना आमच्या गाडीत आणून बसवलं. पुढच्या सीटवर हॅमची ताटं होती, त्यामुळे दोघांनाही मागे बसावं लागलं, गुडघ्याला गुडघा लावून. मी पहाऱ्याला चालकाच्या जागेवर बसले. बाहेर पावसाची भुरभुर लागली होती, काचा धूसर झाल्या होत्या, आणि गाडीत ओल्या लोकरीचा वास सुटला होता.

जार्लथने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तू ओ विसरलास," सासरे म्हणाले.

"विसरलो नाही. पंच घाईत होता. कशाला त्याला त्रास."

"हं."

मी आरशातून मागे बघितलं. जार्लथ मांडीवरच्या टोपीला बोलावं तसा खाली मान घालून बोलायला लागला.

"ओ माझ्या आजोबांनी लावला. तेव्हा पंप नव्हता, नुसतं दुकान. पाटी रंगवायला माणूस आला होता. तो म्हणाला, डाव्या बाजूला जागा उरतेय, काय करू?"

"जागा उरली होती?"

"डाव्या बाजूला. आजोबा म्हणाले, ओ टाक, हल्ली सगळे टाकतायत."

सासरे चाळीस वर्षं याच वाक्याची वाट बघत होते. मला वाटलं आता गाडी हलेल इतकं हसतील. ते काचेवरचं धुकं बोटाने पुसत राहिले.

"सूप प्यायले होते आमचे," ते म्हणाले.

जार्लथने वर बघितलं.

"आजी सांगायची. तिला तिच्या सासऱ्याने सांगितलं होतं, म्हणजे माझ्या पणजोबाने. तो तेव्हा एवढासा पोर होता. वाडगं घेऊन कुणी धावलं-बिवलं नाही. धावायला पायात जोर कुठे होता. घरात पाच पोरं होती. तीन गेली. मग आईने उरलेल्या दोघांचा हात धरला आणि मिशनच्या दारात नेऊन उभं केलं. नाव काय म्हणून विचारलं, ते म्हणतील ते नाव सांगितलं. सूप पातळ होतं म्हणे. पण गरम होतं."

"हे तू कधी बोलला नाहीस."

"तुला सांगू? तुला? तू पंपावर बोर्ड लावला असतास."

"लावला असता," जार्लथने प्रामाणिकपणे कबूल केलं. मग तो थांबला. "दोघांचा हात धरला म्हणालास."

"दोघांचा."

"म्हणजे तुझा पणजोबा आणि..."

"आणि तुझा. तोही प्यायला. धाकटा होता, त्याला आधी दिलं."

मी सरळ समोर बघत राहिले. काचेवरचं पाणी पुसायला वायपर लावावा असं वाटत होतं, पण आवाज झाला असता.

"मीही प्यायलो असतो," सासरे म्हणाले.

"मी दोनदा रांगेत उभा राहिलो असतो," जार्लथ म्हणाला. "एकदा ओ देऊन, एकदा उरलेलं नाव देऊन."

मग मात्र सासरे हसले. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, आणि जार्लथही सुरू झाला. दोघांच्या कोटांवरची पिसं उडून माझ्या मानेवर येत होती. हसून झालं तसे दोघांनी डोळे पुसले. मी आरशात बघितलं तर दोघांच्याही हनुवट्या छातीवर. गाडीत उबारा होता, दंगा झालेला होता, आणि वय झालेलं. थोड्या वेळाने जार्लथचं डोकं सासऱ्यांच्या खांद्यावर कलंडलं आणि तिथेच राहिलं.

सामना आम्ही एका गुणाने हरलो. लोरेन आम्हाला शोधत आली, काचेतून आत बघितलं, आणि मी हातवारे करून नको नको म्हणत असताना तिने फोटो काढला. त्या फोटोच्या प्रती किती निघाल्या ते विचारू नका. एक अजूनही आर्डनागच्या पबमध्ये आहे, बाटल्यांच्या वर, चौकटीत.

सोमवारी सरदाराची निवड होती. हॉलमध्ये झगा एका खुर्चीवर घालून ठेवला होता. फादरनी विचारलं, "फेस्टस, उभे राहताय ना?"

"मी? छे. जार्लथला करा. त्याची पाठ ताठ आहे, झगा शोभेल."

"मुळीच नाही," जार्लथ म्हणाला. "फेस्टस माझ्यापेक्षा तीन महिन्यांनी मोठा आहे. मान त्याचा."

"तीन महिने म्हणजे काय मोठेपण?"

"काल गाडीत कोण आधी झोपलं?"

"तू!"

"खोटं! नोनीला विचारा!"

लोरेन रडकुंडीला आली. तिच्या बसवाल्यांचं दुपारी विमान होतं आणि सरदार कुणी व्हायला तयार नव्हतं. तेव्हा मागच्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. अट्रॅक्टाआत्या उभी राहिली होती, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून.

"मी होते," ती म्हणाली.

सगळे वळले.

"आत्या," सासऱ्यांच्या तोंडून बहिणीसाठी आमचाच शब्द निघून गेला, "तुला काय हे सुचलं?"

"सुचायला काय झालं? तुम्ही दोघे जन्मभर या नावावरून भांडलात. पण ते टाकून दुसरं घ्यायची पाळी तुमच्यावर कधी आली का? माझ्यावर दोनदा आली होती. एक गॅव्हिन होता, शिक्षक. दुसरा तो बर्क, बोटवाला. दोघेही बरे होते. दोन्ही वेळा मी नको म्हणाले. आता या नावाचं काही द्यायचं असेल, तर ते मलाच द्या."

जार्लथ पहिला उठला. टोपी काढून त्याने टाळी वाजवली. मग सगळा हॉल उठला, मोरन आणि रुआनसुद्धा, ज्यांना मत नव्हतं. फादरनी झगा उचलला. आत्याला तो घोळदार झाला, जमिनीवर लोळायला लागला. तिने तो एका हाताने वर धरला आणि पहिला हुकूम सोडला की फलकाच्या सेफ्टी पिना तिच्या डब्यातल्या आहेत, त्या आजच मोजून परत कराव्यात.

आम्हाला वाटलं होतं झगा कपाटात जाईल. गेला नाही. तिने तो आखूड करून घेतला आणि रविवारी मिस्साला घालून आली. पंपावर, दवाखान्यात, बाजारात, सगळीकडे घालून जायची. कुणाच्या बांधाचं भांडण असलं की दोन्ही बाजूंना बोलावून घ्यायची, चहा द्यायची आणि निकाल सांगायची. आश्चर्य म्हणजे लोक ऐकायचे.

पुढच्या वर्षी लोरेनने तिला ब्यूटला बोलावलं. तोवर ती कधी विमानात बसली नव्हती. तिला विमानतळावर सोडायला सासरे आणि जार्लथ एकाच गाडीने गेले, आणि रस्ता कोणता जवळचा यावरून सबंध वाटभर तोंडाला तोंड देत होते. आत्या पुढे बसली होती, झग्यात.

अमेरिकेच्या विमानतळावर काय झालं ते लोरेनने नंतर मला फोनवर सांगितलं. काचेमागच्या अधिकाऱ्याने पासपोर्ट बघितला, झगा बघितला, आणि विचारलं, "मॅडम, इकडे येण्याचं कारण?"

"माझी माणसं आहेत इथे," आत्या म्हणाली. "त्यांचं कसं काय चाललंय बघायला आलेय. काही तक्रारी असतील तर ऐकून घेईन."

त्याने तिला सहा महिन्यांची मुदत दिली. ती दोन आठवड्यांतच परत आली. माणसं चांगली आहेत म्हणाली, पण चहा अगदीच तोंडात धरवत नाही.